काठवटीची जागा

माझ्या साडभाऊंसारखा घर मांडणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं मी जेवढं टाळलं तेवढं आयुष्यात दुसरं काहीच टाळलं नाही. लग्नाच्या पंगतीत, दिवाळीच्या फराळाला कोणीतरी त्यांचा विषय काढायचं. मग मी त्यांच्या दोनचार गमती सांगायचो, लोक हसून हसून बेजार व्हायचे आणि मी नेमका एका ठिकाणी येऊन थांबायचो. "मग पुढे?" असं कोणी विचारलं की मला पान लावायची आठवण व्हायची. आता विचारणारे फारसे उरले नाहीत आणि पानही डॉक्टरांनी बंद केलं आहे. थांबायला निमित्त राहिलेलं नाही, तेव्हा सांगून टाकतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडचे लोक साडू म्हणतात, आम्ही साडभाऊ म्हणतो आणि दोघंही एकमेकांना त्याच नावाने हाक मारतो. मी चांद्याच्या कचेरीत कारकून होतो. ती पन्नासच्या दशकातली वर्षं होती. आमचा जिल्हा आज या राज्यात तर उद्या त्या राज्यात जात होता आणि माझं निम्मं आयुष्य जुन्या कागदांवर नव्या राज्याचं नाव घालण्यात चाललं होतं. साडभाऊंना या बदलांची वार्ताही नसावी. गोंडपिपरीजवळच्या एका खेड्यात त्यांची थोडी धानाची शेती होती, आणि धान घरात आलं की पावसाळ्यापर्यंत ते एका लाकूड ठेकेदाराच्या गाड्यांवर मुकादम असायचे. अहेरीकडच्या जंगलातून सागाचे लठ्ठे भरून गाड्या निघायच्या, नदीच्या घाटावर डोंग्यांची वाट पाहत पडून राहायच्या. त्या पडून राहण्यात साडभाऊंची कोणाकोणाशी दोस्ती व्हायची. लाकूड तोडणारे गोंड, सिरोंच्याकडचे तेलुगू नावाडी, बैलांना नाल ठोकणारा गोंडपिपरीचा नालबंद चाचा, सगळे त्यांचे जिवलग. जो तो त्यांना काहीतरी द्यायचा. कधी डोंग्याची मोडकी फळी, कधी नुसता एखादा वेडावाकडा ओंडका. साडभाऊ ती वस्तू दोन्ही हातांनी घ्यायचे, लठ्ठ्यांवर ठेवून घरी आणायचे आणि मग त्या घरातल्या माणसांना पुढचे कित्येक दिवस चैन पडायची नाही.

कारण वस्तू घरात आली म्हणजे लगेच भिंतीवर चढत नसे. आधी ती बसायची. 'बसणं' हा साडभाऊंचा खास शब्द. नवी वस्तू कोपऱ्यात टेकवून ठेवायची आणि तिला घराची ओळख होऊ द्यायची. ते स्वतः धानाचं पोतं उलटं घालून समोर बसायचे आणि चिलीम ओढत तिच्याकडे पाहत राहायचे. मग एकदम उठून तिला खिडकीशी न्यायचे, तिथून दाराशी, तिथून चुलीजवळ. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, भाकर थापता थापता म्हणायची, "माह्या लग्नात मले इतकं कोणी पाह्यलं नाई बाप्पा." विकत आणलेली वस्तू मात्र त्यांना चालत नसे. "इकतची वस्तू घरात राह्यते," ते म्हणायचे, "पण घरची होत नाई. तिले इचारलं त ती फक्त दुकान सांगते."

त्या घरात पाऊल टाकायचं तेच एका अर्ध्या जात्यावर. उरलेलं अर्धं कुठे आहे असं विचारलं तर ते नदीपलीकडच्या एका म्हातारीच्या दारात आहे आणि दोन भावांच्या वाटणीत जातं कसं फुटलं, ही सगळी कथा पायरीवर उभं राहूनच ऐकावी लागे. दाराला सायकलची घंटी ठोकलेली होती. सायकल त्या गावात कोणाकडेच नव्हती. पाहुण्याने घंटी वाजवून यावं अशी अपेक्षा असायची, पण घंटी बहुतेक वेळा गाय वाजवायची, आणि साडभाऊ आतून "या, या, बसा" म्हणत बाहेर यायचे. ओसरीच्या भिंतीत खिडकीच्या जागी बैलगाडीचं आख्खं चाक बसवलेलं होतं. सकाळचं ऊन त्यातून आत आलं की जमिनीवर उन्हाचं चाक पडायचं आणि दुपारपर्यंत हळूहळू स्वयंपाकघराकडे सरकत जायचं. भिंतीवर डोंग्याच्या फळीचं फडताळ, बैलांच्या गळ्यातली लाकडी घंटा, पंजासारखं पाच बोटांचं एक सागाचं मूळ. त्या मुळाच्या मधल्या बोटावर साडभाऊंची टोपी. आणि एक रिकामी चौकट. तिच्यात काचही नव्हती आणि तसबीरही नव्हती, मागची मातीची भिंत तेवढी दिसायची. मी एकदा विचारलं, "साडभाऊ, यात कोणाचा फोटो आहे?"

"कोनाचाच नाई. येईन तेव्हा येईन," ते म्हणाले. "जागा त असू द्या."

पाहुण्याला त्या घरात सुखाने बसता येत नसे. "इथी बसा. नाई, तिथी बसा. आता सांगा, डोळा पह्यले कुठी गेला?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला. पाहुण्याचा डोळा पहिल्यांदा जिकडे गेला त्यावरून ते पुढची मांडणी ठरवायचे. एकदा तलाठी आला आणि म्हणाला की माझा डोळा सरळ चुलीकडे गेला, कारण तिथे काहीतरी तळणं चाललं होतं. साडभाऊंनी गंभीरपणे मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी लाकडी घंटा चुलीच्या वर नेऊन टांगली. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, बाया पांढऱ्या मातीने भिंती पोतारायच्या, म्हणून सगळ्या वस्तू खाली उतरायच्या. पुन्हा चढवताना एकही जुन्या जागी जात नसे. हे काम भाऊबीज उलटली तरी चालायचं. आम्ही ओवाळायला पाट मांडायचो तर पाटाच्या जागी बैलांचं जुनं जू बसलेलं असायचं, आणि साडभाऊ म्हणायचे, "त्याले उठवू नका. आत्ताच बसलं हाये."

चांद्याला मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. मी हौसेने भिंती रंगवून घेतल्या होत्या, बाजारातून देवादिकांच्या तसबिरी आणून एका रेषेत लावल्या होत्या आणि मधोमध शिंप्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. साडभाऊंनी टोपी हातात धरून दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या. मग अगदी मायेने म्हणाले, "छान हाये. तुमी इथी राह्याले कधी येनार?"

आम्ही तिथे येऊन वर्ष होत आलं होतं. हे वाक्य मी पुढे कित्येक मैफलींत सांगून हशा घेतला आहे. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नव्हतं. मनात कुठेतरी ते टोचून राहिलं, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे असावं असा मला संशय आहे.

अक्का एका पावसाळ्यात तापाने गेली. नदीला पूर होता, डॉक्टर अलीकडे आणि औषध पलीकडे अशी गत झाली. मागे राहिले साडभाऊ आणि मुलगी शेवंती. दिवस झाल्यावर साडभाऊंनी अक्काची काठवट भिंतीवर टांगली. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, काठवट म्हणजे पीठ मळायचं लाकडी ताट. ही काठवट अहेरीच्या पलीकडच्या एका गोंड मित्राने शिवणीच्या एकाच लाकडातून कोरून साडभाऊंना लग्नात दिली होती. मध्यंतरी ती तडकली होती, तेव्हा तांब्याच्या तारेने टाके घालून तिला सांधलं होतं. वर्षानुवर्षं अक्काच्या तळहाताने पीठ मळून मळून मधली जागा गुळगुळीत झाली होती, तिथे लाकडाचा रंगच निराळा दिसायचा. साडभाऊंनी ती आतली बाजू पुढे करून, चाकाच्या खिडकीसमोर लावली. सकाळचं ऊन पहिल्यांदा तिच्यावर पडायचं. त्यानंतरच्या दिवाळ्यांत घरातली झाडून सगळी चीजवस्तू जागा बदलत राहिली. काठवट हलली नाही. तिच्याभोवतीची भिंत साडभाऊ स्वतः पोतारायचे. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, आणि पाहुण्याला तेवढ्यापुरतं विचारायचे नाहीत की डोळा कुठे गेला.

शेवंती लग्नाची झाली तेव्हा वरोऱ्याचं स्थळ मी आणलं. मुलगा शाळामास्तर होता आणि त्याचे वडील माझ्या कचेरीतल्या साहेबांचे नात्यातले. त्यामुळे त्या स्थळात शेवंतीचं जेवढं होतं त्याहून थोडं जास्तच माझं होतं. साहेबांना मी सांगून बसलो होतो की माणसं चांगली आहेत, घर नीटनेटकं आहे, अगदी आपल्यासारखं. होळीची सुट्टी म्हणून पाहुणे होळीच्या दिवशीच मुलगी पाहायला येणार होते. साडभाऊ तेव्हा जंगलात गाड्यांवर. त्यांनी एका गाडीवानाबरोबर निरोप धाडला, तो मला अजून शब्दाशब्दाने आठवतो. "मी त्या दिवशी घाटावरून सीधा घरीच येतो. घरचं तुमी पाहून घ्या. शहरातल्या लोकाइले काय लागते ते तुमालेच समजते."

मी पाहून घेतलं. आदल्या दिवशी बायकोला घेऊन गावी पोचलो आणि येताना गोंडपिपरीच्या बाजारातून चुना घेतला. त्यात भरपूर नीळ घातली. भिंतीवरून घंटा उतरवली, फळी उतरवली, जू, मूळ, रिकामी चौकट, सगळं उतरवून मागे गुरांच्या कोठ्याशेजारी ढीग केला. चाक काही भिंतीतून निघेना, म्हणून त्यावर चादरीचा पडदा लावला. शाळेतून खुर्च्या मागवल्या आणि चांद्याहून आणलेलं कॅलेंडर लावलं, त्याच शिंप्याचं. काठवटीपाशी आलो तेव्हा बायको म्हणाली, "तिला हात लावू नका हो." शेवंती दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मावसाजी, आईची काठवट राहू द्या ना."

"चार दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "पाहुणे विचारतील, पीठ मळायचं भांडं बैठकीत कशाला? काय सांगणार आहेस?"

शेवंती आत वळली. काय सांगायचं ते तिला चांगलं माहीत होतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं हेही तिला माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी कोटाची बटणं लावत उभा होतो. बायको चुलीपाशी होती, शेवंती आत साडी नेसत होती. वेशीकडून पाहुण्यांच्या दमणीच्या बैलांचे घुंगरू ऐकू यायला लागले. तेवढ्यात गावातली पोरं होळीची लाकडं गोळा करत आमच्या परसात आली. "मावसाजी, हे लाकडं होळीले न्यायचे का?"

मी म्हणालो, "न्या, न्या. लवकर न्या. आणि मागच्या वाटेनं जा."

त्यांनी पटापट उचलायला सुरुवात केली. एकाच्या हाताला काठवट आली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. "हेबी?"

मला वाटलं असतं तर इथे मी लिहिलं असतं की घाईत माझं लक्ष नव्हतं. आजवर मनाशी तसंच म्हणत आलो. पण माझं लक्ष होतं. तांब्याचे टाके उन्हात चमकत होते. आणि खरं सांगायचं तर ती काठवट पुन्हा कधी त्या भिंतीवर जाऊ नये असंच मला वाटत होतं. "हेबी," मी म्हणालो.

पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले. त्यांच्या पाठोपाठ साडभाऊ आले, घाटावरून थेट, अंगभर धूळ. उंबऱ्यात थबकले. समोर निळसर पांढरी स्वच्छ भिंत होती. त्यांनी सवयीने टोपी काढली, उजवा हात मुळाच्या पंजाच्या दिशेने गेला आणि तिथे काही नाही म्हटल्यावर हवेत तसाच राहिला. मग ती टोपी त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि बैठक संपेपर्यंत खाली ठेवली नाही. मुलाचे वडील नंतर मला म्हणाले, "फार विनयशील माणूस." बोलता बोलता त्यांनी कौतुकाने विचारलं होतं, "घर नवंच दिसतं. कधी बांधलं?"

"आज सकाळी," साडभाऊ म्हणाले.

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. शेवंती पसंत पडली, कुंकू लागलं, पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली आणि दुपार कलायच्या आत दमणी वेशीबाहेर गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर साडभाऊंनी मला हळूच विचारलं, "वस्तू कुठी हायेत?"

"मागे कोठ्याशी ठेवल्या होत्या," मी म्हणालो. "पोरांनी चोरून नेल्या वाटतं होळीला. आम्ही सगळे पाहुण्यांच्या गडबडीत. होळी म्हटली की पोरं कोणाचं ऐकतात का?"

हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर चांद्यातलं माझं लहानपण होतं. आम्ही पोरं होळीच्या आधी लोकांची कुंपणं, तुटकी दारं, एकदा तर एका वकिलाची आरामखुर्ची पळवली होती, आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्यावर हसलं होतं. त्यामुळे माझ्या तोंडून ते अगदी सहज निघालं. साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. वस्तू कुठे टांगावी हे ठरवताना ते जसे पाहायचे तसे, घाई न करता. मग म्हणाले, "बरं."

दिवस मावळायला आला तसे आम्ही होळीच्या जागेवर गेलो. भला मोठा ढीग रचलेला होता आणि त्यात कुठे जू उपडं पडलेलं, कुठे चौकट अडकलेली. काठवट खाली गोवऱ्यांत रुतलेली होती. साडभाऊ बघत उभे राहिले तसा गलका थांबला. गावचा म्हातारा पाटील पुढे आला. "तुह्या घरचं हाये त काढून घे बाबू. पेटवाले अजून टाइम हाये. कोनी काई म्हननार नाई."

"नाई पाटील," साडभाऊ म्हणाले. "होळीवर गेलं ते गेलं. आज माह्यं काढलं त उद्या सारेच काढतीन." पोरं एका बाजूला दबकून उभी होती. त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "तुमी काऊन भेता रे? तुमचं काई चुकलं नाई."

मग त्यांनी धोतराचा काचा मारला आणि ते त्या ढिगावर चढले. मला वाटलं, आता काढून घेतील. त्यांनी काढलं काहीच नाही. त्यांनी ते मांडलं. जू सरळ करून पायथ्याशी लावलं. डोंग्याची फळी आडवी बसवली, तिच्यावर घंटा ठेवली. चौकट एरंडाच्या फांदीला अडकवली, तिच्यातून पलीकडचं तांबडं आभाळ दिसायला लागलं. मुळाचा पंजा ठेवून ते मागे सरले, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा पुढे झाले आणि पंजा थोडा फिरवला. आधी बाया हसल्या. मग कोणी हसेना. शेवटी काठवट त्यांनी पंच्याने पुसली आणि वर, मधोमध, आतली बाजू पुढे करून लावली. उगवतीकडे तोंड करून.

खाली उतरून ते माझ्याजवळ आले. "साडभाऊ, इथी उभे राहा. आता सांगा, डोळा पह्यले कुठी गेला?"

"काठवटीकडे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग पाटलाने होळी पेटवली, साडभाऊंनी सगळ्यांबरोबर नारळ वाढवला आणि पोरांना गूळ वाटला. मलाही दिला. मी तो खाल्ला.

लग्न थाटात झालं. शेवंती सुखात राहिली, माझे साहेब खूश झाले आणि मी त्यांच्या मर्जीतला झालो. साडभाऊंच्या भिंतीवर हळूहळू पुन्हा वस्तू यायला लागल्या. गोंड मित्राने तंबाखूची लाकडी डबी दिली, नालबंद चाचाने झिजलेल्या नालांची एक माळच करून दिली. माझा निळा चुना पुढच्या दिवाळीला पांढऱ्या मातीखाली गेला. चाकाच्या खिडकीसमोरची जागा मात्र रिकामी राहिली. मांडणी बदलताना साडभाऊ तिला वळसा घालून जायचे. मी त्या दिवाळीला नागपूरहून मोराचं नक्षीकाम केलेली पितळी थाळी नेली. दुकानदाराने वाखाणली होती आणि ती चांगली जड होती. साडभाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली. "छान हाये," ते म्हणाले. "बसू द्या काई दिवस." आणि दारामागे टेकवून ठेवली. पुढच्या दिवाळीला ती दारामागेच होती. त्याच्या पुढच्याही.

मी चांद्याला घर बांधलं तेव्हा वास्तूला साडभाऊ आले. पंच्याच्या गाठोड्यातून त्यांनी एक खुंटी काढली. काठवटीच्या काठाचा एक तुकडा, अर्धा जळून काळा पडलेला. त्याच्यात टाक्याची तांब्याची तार अजून होती, तीच वाकवून आकडा केलेला होता. धुळवडीला लोक होळीची राख घरी नेतात, तेव्हा त्यांनी तो उचलून ठेवला असावा. दाराजवळ त्यांनी स्वतः तो ठोकला आणि आपली टोपी अडकवून पाहिली. "या घरात सांगन्यासारखी एक वस्तू त पाह्यजे," ते म्हणाले.

मी विचारलं, "कोणी विचारलं तर काय सांगू?"

"जे झालं ते."

तरीही मी मनाची समजूत घातली की त्यांना काही माहीत नाही. ती समजूत काही वर्षं टिकली. मग एकदा शेवंती माहेरी जाताना आमच्याकडे उतरली होती, शिमग्याचेच दिवस होते. आमच्या गल्लीतल्या पोरांनी कोणाची तरी शिडी पळवली म्हणून आरडाओरडा चालला होता. शेवंती कौतुकाने बघत होती. "तुमच्या चांद्याचं अजबच आहे मावसाजी," ती म्हणाली. "आमच्या गावात होळीचं लाकूड मागून नेतात. घरच्या माणसानं हो म्हटल्याशिवाय पोरं काडीला हात लावत नाहीत. चोरलेलं लाकूड देवीला चालत नाही म्हणतात." एवढं बोलून ती माझ्याकडे न बघता चहा टाकायला आत गेली.

म्हणजे त्या दुपारी मी जे बोललो ते खोटं आहे हे माझं वाक्य संपायच्या आत साडभाऊंना कळलं होतं. पाटलालाही कळलं होतं. होळीभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला, प्रत्येक पोराला ठाऊक होतं की ते दिलं गेलं आहे आणि देणारा कोण आहे. सगळं गाव माझ्यासमोर गप्प राहिलं होतं, कारण मी त्यांच्या घरचा पाहुणा होतो. आणि माझ्या हातावर गूळ ठेवताना साडभाऊंनी माझं खोटं जपलं होतं, एखादी वस्तू जपावी तसं.

त्यानंतर मी माफी मागायला एकदाच गेलो. एकट्याने. मोटारीतून उतरून चालत जाताना वाक्य घोकत होतो. फार काही नव्हतं. साडभाऊ, पोरांनी नेली नाही, मी दिली, मला माफ करा. एवढंच. अर्ध्या जात्यावर पाय ठेवला, घंटी वाजवली. "या, या, बसा," आतून आवाज आला. बहुधा गाय समजूनच.

साडभाऊ खूप थकले होते. जंगल सुटलं होतं, हात कापत होते. तरी तिवईवर चढलेले होते आणि हातात माझी ती मोराची थाळी होती. पार काळवंडलेली. "बरं झालं आले," ते म्हणाले. "आता हे बसलं पाहा. इतके वर्षं दारामागं राह्यलं, साऱ्या घराचं ऐकलं. आता हे दुकानाचं नाई राह्यलं."

ते थाळी धरून चाकाच्या खिडकीसमोर गेले. ती जागा मला डोळे मिटूनही सांगता आली असती. चाकाचं ऊन सरकत सरकत तिथून नुकतंच खाली आलं होतं. त्यांनी थाळी नेमकी त्या जागेवर टेकवली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सांगा. इथी?"

वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी तोंडही उघडलं. खाली उभा राहून मी तिवई घट्ट धरली होती, त्यांचे पाय माझ्या छातीशी थरथरत होते.

"थोडं डावीकडे," मी म्हणालो.

त्यांनी थाळी डावीकडे सरकवली. काठवटीची जागा मोकळी झाली. त्यांनी त्या मोकळ्या जागेकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आता?"

"आता ठीक आहे," मी म्हणालो. त्यांनी खिळा ठोकला. नंतर आम्ही चहा प्यायलो, आणि दुपारची मोटार चुकू नये म्हणून मी निघालो.